लिफ्ट कुठे थांबणार? गिरगावातली एक चाळ, तिचा दर्शनी भाग आणि मागचा टॉवर

या प्रकरणात मी संवर्धन वास्तुविशारद म्हणून पहिल्या बैठकीपासून शेवटपर्यंत होते. इमारतीचे, गल्लीचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून काही मापे आणि मजल्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

गिरगावातल्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी ही चाळ उभी होती. तळमजला अधिक तीन, रस्त्याकडे नव्वद फुटांचा दर्शनी भाग. खाली दुकाने आणि वर प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सामायिक गॅलरी. जोते काळ्या दगडाचे, दुकानांच्या कमानी मालाड दगडाच्या, वरच्या भिंती दीड फूट जाडीच्या आणि चुन्यात बांधलेल्या. गॅलऱ्या बीडाच्या ब्रॅकेटवर पेललेल्या, कठड्याचे दांडे सागवानी, लेथवर काढलेले. जिन्याच्या दारावर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेला गणपती होता. वर्षानुवर्षे ऑइलपेंटचे थर चढून त्याची सोंड आणि मोदक एकच झाले होते. गॅलरीमागे प्रत्येक बिऱ्हाडाच्या दोन खोल्या, पुढची बसायची आणि मागची स्वयंपाकाची. संडास मागच्या बाजूला, सामायिक.

इमारत शंभरी ओलांडलेली. भाडेकरू सेहेचाळीस: अडतीस बिऱ्हाडे आणि आठ दुकाने. मुंबईच्या शेकडो चाळींची जी गोष्ट तीच हिची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. दरमहा हातात पडणाऱ्या रकमेत मालकाला एक तुळई बदलणेही परवडेना. १९६९ साली दुरुस्ती मंडळ आले आणि दुरुस्तीसाठीचा कर, म्हणजे उपकर, सुरू झाला. त्या वेळी शहरात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. मंडळाने या चाळीला दोनदा टेकू लावले, गॅलरीखाली लोखंडी गर्डर घातले आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. त्या गिलाव्याने पुढे आम्हाला फार छळले.

२०१७ च्या पावसाळ्यात मागचा संडासांचा भाग खचला. कुणाला इजा झाली नाही. पण त्याच पावसाळ्यात, ३१ ऑगस्टला, भेंडीबाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती बातमी पाहून आमच्या चाळीतले कित्येक जण त्या रात्री झोपलेच नाहीत. वारसा, नक्षी, कमानी यांवर बोलायला मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा समोर बसलेली माणसे छतावर नजर ठेवून झोपणारी होती. हे मी लवकर ओळखायला हवे होते. मला वेळ लागला.

प्रश्न

पुनर्विकास ३३(७) खाली, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठीच्या नियमाखाली व्हायचा होता. या नियमाने प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतले क्षेत्र मिळते, फंजिबल नावाचे वाढीव क्षेत्र धरून ते ४०५ च्या घरात जाते. १८० फुटांच्या दोन खोल्यांत चार पिढ्या काढलेल्यांना घरातल्या घरात संडास-बाथरूम मिळणार होते. त्यांची संमती नियमाने लागणाऱ्या ५१ टक्क्यांवर अडली नाही, ९० च्या पुढे गेली. विकासकाला विक्रीची घरे हवी होती, म्हणून एकोणीस मजली टॉवर.

अडचण अशी की इमारत वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये होती. या श्रेणीत आतले बदल, वाढीव बांधकाम, अगदी पुनर्बांधणीलाही वाव असतो. मात्र रस्त्याला जे रूप या इमारतीमुळे येते, त्याला नव्या कामाने धक्का लावू नये अशी अपेक्षा असते. टॉवरच्या उंचीमुळे प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जाणारच होता. समितीचा कल दर्शनी भाग राखण्याकडे होता.

‘दर्शनी भाग राखा’ हे म्हणायला सोपे आहे. या चाळीत तळमजल्याची उंची चौदा फूट आणि वरच्या प्रत्येक मजल्याची साडेअकरा. नव्या इमारतीत जमिनीपासून जमिनीपर्यंत साडेनऊ फूट पुरतात. जुन्या चार मजल्यांच्या उंचीत नवे पाच बसतात. तसे बसवले तर नवा स्लॅब जुन्या खिडकीच्या मधोमध आडवा येतो. सगळा गुंता या दोन फुटांचा होता.

समोर असलेले पर्याय

पूर्ण इमारत दुरुस्त करून ठेवणे हा पर्याय मी मांडला, कारण तो मांडणे माझे कामच होते. भाडेकरू संघाच्या सचिव काकांनी शांतपणे विचारले, “मॅडम, पैसे कोण देणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तो पर्याय तिथेच संपला.

पाडून तसेच्या तसे पुन्हा बांधणे विकासकाच्या वास्तुविशारदांना सोयीचे होते. फायबरच्या साच्यातले ब्रॅकेट, आरसीसी कमानी, वर रंग. मी याला ठाम विरोध केला. नुसत्या छायाचित्रावरून उभे केलेले बांधकाम जुन्याची आठवण देते, पण जुन्या बांधकामातले ज्ञान त्यात उतरत नाही. गॅलरी सहा फूट रुंद का, कठडा आतल्या बाजूला किंचित कललेला का, खिडकीचे तावदान दोन भागांत का, ही उत्तरे मूळ वस्तूतच सापडतात.

तिसरा पर्याय कागदावर सर्वांत आकर्षक दिसत होता. पुढची भिंत आणि गॅलऱ्या ठेवायच्या, आतले सगळे काढायचे आणि भिंतीमागे चार मजली पार्किंग पोडियम, म्हणजे टॉवरच्या पायाशी गाड्यांचे मजले बांधायचे. गाड्यांच्या मजल्याला साडेअकरा फूट उंची चालते, त्यामुळे स्लॅब आणि खिडक्या जुळतात. सादरीकरणात न्यूयॉर्कच्या हर्स्ट टॉवरचे छायाचित्र होते: १९२८ चा सहा मजली दगडी तळ आणि त्यातून वर आलेला, २००६ साली पुरा झालेला काचेचा मनोरा. चित्र देखणे होते. समितीतल्या काहींनाही ते पटले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. हर्स्ट टॉवर हे कार्यालय आहे आणि त्या तळात माणसांची ये-जा असते. आमच्याकडे त्या गॅलऱ्यांमागे गाड्या उभ्या राहणार होत्या. शंभर वर्षे जिथे वाळत घातलेली लुगडी, कोजागिरीचे दूध आणि गणपतीची मिरवणूक बघायला ओणवलेली पोरे होती, तिथे आतून जाळी लावलेल्या बंद खिडक्या येणार होत्या. त्या गॅलरीत कुणीच पाऊल ठेवणार नव्हते. आणि जिथे कुणी पाऊल ठेवत नाही तिथल्या लाकडाला वाळवी लागली तर ते कुणाला कळणार?

चौथा पर्याय आम्ही आठ दिवसांत तयार केला. दर्शनी भागापासून मागे चाळ मुळात दोन खोल्यांएवढी, म्हणजे पंचवीस फूट जात होती. तेवढा पुढचा पट्टा जुन्याच उंचीचा, चार मजल्यांचा ठेवायचा. त्यात खाली दुकाने आणि वर पुनर्वसनाची बारा घरे, प्रत्येक मजल्यावर चार. मग बारा फुटांचा चौक आणि त्यामागे टॉवर. गाड्यांसाठी मागच्या कोपऱ्यात यांत्रिक उभे पार्किंग.

पहिला निर्णय: भिंतीमागे कोण

विकासकाचा आक्षेप उघड होता. पाचाऐवजी चार मजले, म्हणजे एक मजला गेला. इथे एक साधा हिशेब कामी आला. एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याची मर्यादा, क्षेत्रफळावर मोजतात, मजल्यांवर नाही. पुढे गेलेला मजला मागच्या टॉवरच्या डोक्यावर चढवता येतो. विकासकाचे नुकसान क्षेत्राचे नव्हते, यांत्रिक पार्किंगच्या खर्चाचे होते. तो खर्च विक्रीच्या घरांत फिरवता येईल का, एवढाच प्रश्न उरला. सामायिक गॅलरीचे क्षेत्र कसे धरायचे यावर तीन महिने पत्रव्यवहार झाला. संवर्धनासाठी इतर नियम शिथिल करण्याचा जो अधिकार वारसा नियमावलीत आयुक्तांना दिलेला आहे, त्याचा आधार घेऊन तो सुटला.

मला वाटले, जिंकलो. भाडेकरूंच्या सभेत नकाशे लावले, उंच छत, रुंद गॅलरी, रस्त्याचा वारा, सगळे समजावून सांगितले. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, नकाशाजवळ आल्या आणि विचारले, “अगं, लिफ्ट कुठे थांबणार?”

लिफ्ट टॉवरमध्ये होती. चौकावरून पूल टाकून पुढच्या घरांत यायचे होते. पण टॉवरचे मजले साडेनऊ फुटांचे आणि पुढचे साडेअकराचे. पहिल्या मजल्यावर दोन्ही पातळ्या जुळत होत्या. दुसऱ्यावर दोन फुटांचा फरक आणि तिसऱ्यावर चार फुटांचा. नकाशात तिथे आठ पायऱ्या काढल्या होत्या. आजींचे गुडघे दोन्ही गेलेले. त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे जुन्या भागात घर घेतलेल्यांनी पुन्हा पायऱ्याच चढायच्या.” सभेत कुणीच पुढचे घर मागितले नाही. एकानेही नाही.

इतक्या सगळ्या तज्ज्ञांच्या नजरेतून ती गोष्ट सुटली होती, माझ्यासकट. आम्ही खिडक्यांच्या पातळ्या जुळवत बसलो होतो.

उपाय सापडला तो जुन्या जिन्याच्या जागी. जिन्याची खोली मोठी होती. जिना नव्याने मध्ये वळण घेणारा केला तर शेजारी पुढच्या पट्ट्यापुरती स्वतंत्र लिफ्ट बसत होती. फक्त तळमजल्यावर शेजारच्या दुकानाची सुमारे तीस चौरस फूट जागा लागणार होती. त्या दुकानदारांनी दोन महिने नकार दिला आणि त्यांचे बरोबर होते. त्या भिंतीलगत त्यांच्या वडिलांनी बसवलेले कपाट आणि गल्ला होता. शेवटी दुकान मागच्या बाजूला तेवढेच वाढवून दिले, दर्शनी फळी आणि पाटी होती तशी ठेवली. पुढच्या सभेत बारा घरांसाठी सतरा नावे आली. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

दुसरा निर्णय: ऑगस्ट २०२०

आतल्या लाकडी जमिनी ठेवाव्यात असे माझे मत होते. अग्निशमनाच्या अटी आणि तुळयांच्या भिंतीत गेलेल्या टोकांची अवस्था पाहता ते टिकले नाही. सुताराने हातोडीचा दांडा तुळईवर आपटत आपटत भिंतीपर्यंत नेला. मधे टणक आवाज, शेवटच्या हातभर अंतरात भद्द. अडतीसपैकी एकवीस तुळया अशा निघाल्या. म्हणून आतला भाग काढायचा, भिंत तात्पुरत्या लोखंडी सांगाड्याने धरायची, मागे नवा सांगाडा उभा करून भिंत त्याला बांधायची, असे ठरले. कठडे, ब्रॅकेट आणि दारे क्रमांक घालून उतरवली.

जानेवारी २०२० मध्ये लोखंडी सांगाडा उभा राहिला. त्याच्या पायाशी वजनासाठी काँक्रीटचे ठोकळे ठेवले होते. मार्चच्या मध्यापर्यंत आतला भाग निघाला. पंधरवड्यात टाळेबंदी लागली. कामगार गावी गेले. नव्वद फुटांची एकटी भिंत लोखंडाच्या आधाराने रस्त्याकडेला उभी राहिली, पुढे पावसाळा.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. त्याचा मुख्य तडाखा रायगडला बसला, आम्ही वाचलो. ५ ऑगस्टला मात्र दक्षिण मुंबईवर पाऊस आणि वारा एकदम उतरला. कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा नोंदला गेला आणि एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस. भिंतीवर चोवीस खुणा लावलेल्या होत्या, त्यांची मोजणी आठवड्यातून एकदा होत असे. ८ ऑगस्टच्या मोजणीत उत्तर टोकाचा माथा नऊ मिलिमीटर रस्त्याकडे झुकलेला आढळला. भेगांवर चिकटवलेल्या काचपट्ट्यांपैकी तीन तडकल्या होत्या. आम्ही ठरवलेली मर्यादा अशी होती: दहावर सावध, वीसवर भिंत उतरवणे.

दोन दिवसांत तिघांची तीन मते झाली. गल्लीतले लोक घाबरले होते आणि त्यांची भीती रास्त होती. विकासकाच्या बाजूने सूचना आली की उत्तरेकडचा तीस फुटांचा भाग काळजीपूर्वक उतरवावा आणि नंतर पुन्हा बांधावा. संरचना अभियंत्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला. मला वाटले शेजारच्या भूखंडावरचे खोदकाम कारण असावे. आम्ही सगळेच चुकलो होतो.

कारण मापांतच होते. वाऱ्याने भिंत झुकली असती तर वारा पडल्यावर थोडी परत आली असती. ती रोज थोडी थोडी जात होती, पाऊस थांबल्यावरही. सचिव काका भाड्याच्या घरातून रोज येऊन बघत. ते म्हणाले, “त्या कोपऱ्यात पूर्वी पागोळीचं पाणी जायचं, मोरी होती तिथे.” छप्पर काढताना पन्हळ गेला होता. भिंतीचा माथा उघडा होता. पाणी वरून भिंतीच्या पोटात शिरत होते आणि बुजलेल्या मोरीत साचून सांगाड्याच्या पायाखालची भर मऊ करत होते. उत्तर टोकाचे ठोकळे जवळजवळ एक इंच खचले होते.

गल्ली त्या लांबीत बंद केली, रस्त्याकडे पहारा ठेवला, मोजणी दिवसातून दोनदा सुरू केली. भिंतीच्या माथ्यावर उतार देऊन पत्रा बसवला, मोरी उघडून पाण्याला वाट दिली आणि पायाखाली काँक्रीट भरले. पाच माणसे मिळाली होती, त्यांच्यावर सगळे केले. भिंत तेरा मिलिमीटरवर थांबली. दसऱ्यापर्यंत एक मिलिमीटरही हलली नाही. तेव्हा कुठे पुढचे काम हाती घेतले. तेरा मिलिमीटरचा तो झुकाव आजही तिथे आहे. परत सरळ करण्याचा प्रयत्न आम्ही मुद्दाम केला नाही.

काम

नवा सांगाडा भिंतीला जोडताना एक गोष्ट जपावी लागते. नवी इमारत पहिली काही वर्षे थोडी दबते, जुनी भिंत दबून झालेली असते. घट्ट बांधले तर नवी जुनीला ओढते. म्हणून जोडणीच्या स्टेनलेस पट्ट्यांना उभी फट ठेवली: आत-बाहेर धरायचे, वर-खाली मोकळे सोडायचे. गॅलरीची नवी जमीन पोलादी, भार नव्या सांगाड्यावर. जुने बीडाचे ब्रॅकेट जागच्या जागी, पण आता ते फक्त स्वतःचे वजन पेलतात. याचे मला वाईट वाटते आणि दुसरा मार्गही दिसला नाही.

सिमेंटचा गिलावा काढणे सर्वांत चिवट काम होते. त्याखाली ओल अडकून विटांचा भुगा झाला होता. चुना साइटवरच भिजवला, सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर, चुन्याच्या घाण्यात मळला, हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घातले. मळून झाल्यावर गवंडी चिमूट घेऊन बोटांत ताणायचा. तुटला तर परत घाण्यात. गणपतीवरून रंगाचे थर उतरवायला एका मुलीला एकोणीस दिवस लागले. सोंडेखाली मोदक निघाला, आणि मोदकाखाली कारागिराच्या अंगठ्याचा ठसा. तो तसाच ठेवला आहे.

निष्पत्ती

टॉवरला २०२४ मध्ये वापर परवाना मिळाला, पुढच्या पट्ट्याला त्याआधी चार महिने. वेळापत्रकापेक्षा चौदा महिने उशीर झाला. त्यातले आठ टाळेबंदीचे धरले तरी सहा आमचे. या काळात भाडेकरू बाहेर होते. नव्या घराची किल्ली हाती यायच्या आत दोघे वारले. आजी त्यांतल्या एक. त्यांच्या सुनेने तिसऱ्या मजल्यावरचेच घर घेतले.

बारा घरांत माणसे राहतात. गॅलरीत कुंड्या, सायकली आणि वाळत घातलेले कपडे आहेत. कठड्याच्या दांड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मूळचे आहेत, बाकीचे जुन्या सागाच्या तुळयांतून नव्याने काढले. टॉवर मात्र रस्त्यावरून दिसतोच. बारा फुटांचा चौक त्याला मागे सारायला पुरत नाही, आणि समोरच्या फुटपाथवरून पाहिले तर जुन्या कौलांच्या वर एकदम काच येते. माझ्या मते हा या कामाचा सर्वांत कच्चा भाग आहे.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिल्या बैठकीत मी दर्शनी भागाचे रेखाचित्र लावणार नाही, छेद, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारे रेखाचित्र, लावीन. मजल्यांच्या पातळ्या, लिफ्ट, पायऱ्या आणि संडासाचे पाइप कुठून जाणार, हे आधी. भाडेकरूंना संमतीपूर्वी हाच छेद दाखवीन.

भिंतीचा माथा झाकल्याशिवाय छपराचे एक कौलही काढू देणार नाही. जुन्या पाण्याच्या वाटा शोधायला नकाशापेक्षा तिथे वाढलेली माणसे जास्त उपयोगी पडतात. त्यांना सर्वेक्षणाच्या पहिल्या आठवड्यात बरोबर घेऊन फिरायला हवे होते. आम्ही त्यांना पूजेला बोलावले.

एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा नकाशात नव्हती. ताबा मिळाल्यावर दोन महिन्यांत तीन युनिट कंगणीवर, म्हणजे दर्शनी भिंतीतून पुढे आलेल्या पट्टीवर आली. चौकाच्या बाजूला जागा करून दिल्यावर दोन हलली, तिसरे अजून तिथेच आहे.

आणि देखभाल. टॉवरमधल्या विक्रीच्या घरांचे मालक विचारतात, पुढच्या गॅलरीच्या लाकडाला दर तीन वर्षांनी तेल आणि वाळवीचे औषध द्यायचे तर त्याचा खर्च आम्ही का भरावा? विकासकाबरोबरच्या करारातच यासाठी स्वतंत्र निधी आणि सोसायटीच्या उपविधींत त्याचे कलम हवे होते. तेव्हा सगळे थकले होते आणि मीही आग्रह धरला नाही. पहिले तेल यंदा पावसाळ्याआधी द्यायला हवे होते, ते राहिले. येत्या वार्षिक सभेत हा विषय सातव्या क्रमांकावर आहे. सचिव काकांनी मला बोलावले आहे, आणि दुसऱ्या मजल्याच्या उत्तर टोकाचा वाळवी लागलेला एक दांडा मी बरोबर नेणार आहे.